दिवेलागणीची शिस्त

(राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाच्या निमित्ताने कुटुंबे, दुकानदार व लघुउद्योजक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दरूप.)



दिवेलागण हा मराठी घरातला एक जुना आणि मंगल शब्द आहे. दिवस मावळला, गुरे गोठ्यात आली, देवापुढे निरांजन लागले आणि अंगणात तुळशीजवळ पणती ठेवली की दिवेलागण झाली. त्या वेळी घरात किती दिवे लावायचे, वात किती पुढे सारायची आणि तेल किती घालायचे, याचा एक अलिखित नियम असे. ज्या खोलीत माणूस नाही तेथे दिवा नसे. हा नियम केवळ दारिद्र्यातून आलेला नव्हता. संपन्न घरांतही तो पाळला जाई. तेल हे कोणाच्या तरी शेतातून व घाण्यातून, कोणाच्या तरी श्रमातून येते, याची जाणीव त्यामागे होती.

आज तेलाची जागा विजेने घेतली आहे. भिंतीवरचे बटण दाबले की प्रकाश येतो. तो कोठून आला, किती दूरवरून आला आणि कोणाच्या वाट्याचे काय घेऊन आला, हे दिसत नाही. जे दिसत नाही त्याची काटकसरही सुचत नाही. विजेच्या बचतीची चर्चा बहुधा मासिक बिलापाशी सुरू होते आणि बिलापाशीच संपते. बिल कमी व्हावे ही इच्छा रास्तच आहे. परंतु प्रश्न तेवढाच नाही. दर संध्याकाळी राज्यातील कोट्यवधी घरे एकाच वेळी एकाच सामायिक साठ्यातून वीज उचलत असतात. त्यातून आपण किती आणि केव्हा उचलतो, यावर शेजाऱ्याच्या आणि दूरच्या खेड्यातील अनोळखी माणसाच्या घरातला उजेड अवलंबून असतो. म्हणून वीजबचत हा खासगी हिशेबाइतकाच सामाजिक शिस्तीचाही विषय आहे.

एका युनिटचा प्रवास

एक युनिट म्हणजे एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालवण्यासाठी लागणारी वीज. आकडा लहान वाटतो. पण औष्णिक केंद्रात हे एक युनिट निर्माण करण्यासाठी सुमारे पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. कोळशात जेवढी ऊर्जा असते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो. उरलेली उष्णता धुराडे आणि शीतकरण मनोरे यांवाटे निघून जाते. तयार झालेल्या विजेतील काही हिस्सा केंद्र स्वतःच वापरते, काही पारेषणात आणि वितरणात नष्ट होतो. घरातील मीटरवर एक युनिट नोंदले जाते, तेव्हा त्याच्या मागे यापेक्षा बरेच अधिक काही खर्ची पडलेले असते. याचाच उलट अर्थ असा, की घरात वाचलेले एक युनिट हे खाणीपाशी त्याच्या कितीतरी पटीने वाचलेले असते.

महाराष्ट्राच्या नकाशावर हा प्रवास पाहता येतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. त्या विजेवर राज्यभरातील पंखे फिरतात, पण त्याचा धूर चंद्रपूरकरांच्या छातीत जातो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील गंभीर प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचे नाव त्यात होते. परळीचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा नव्हता म्हणून नव्हे, तर पाणी नव्हते म्हणून. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर धावत असताना वाफ करण्यासाठी आणि संच थंड ठेवण्यासाठी पाणी आणायचे कोठून? २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली. वीज म्हणजे कोळसा हे सर्वांना ठाऊक आहे. वीज म्हणजे पाणीही, हे परळीने शिकवले.

कोयनेची गोष्ट तर संध्याकाळशीच जोडलेली आहे. औष्णिक संच सुरू करायचा तर तासन् तास लागतात. जलविद्युत संच मात्र काही मिनिटांत कामाला लागतो. म्हणून संध्याकाळी मागणी उसळली की राज्याचे लक्ष कोयनेकडे जाते. सुमारे १,९६० मेगावॉट क्षमतेच्या या प्रकल्पासाठी पूर्ववाहिनी नदीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे सोडले जाते. एकदा ते कोकणाकडे उतरले की कृष्णेच्या खोऱ्याला ते परत मिळत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीवाटप लवादाने या वळवण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. या धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्यांच्यापैकी अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशके रेंगाळले. रिकाम्या खोलीत जळणाऱ्या दिव्याचा हिशेब मांडायचा तर तो येथून मांडावा लागेल.

भारनियमनाच्या वर्षांचा धडा

आज विशीत असलेल्या तरुणांना 'भारनियमन' या शब्दाची धग जाणवणार नाही. त्यांच्या आईवडिलांना मात्र तो चांगला आठवतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेची मागणी आणि पुरवठा यांतील तूट कमाल मागणीच्या वेळी ४,००० मेगावॉटच्या पुढे गेली होती. मुंबई बव्हंशी त्यातून सुटली. परंतु शहरांत काही तास आणि ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज जात असे. परीक्षेच्या दिवसांत मुले कंदिलाच्या उजेडात बसत. गिरण्या बंद, पाण्याच्या योजना बंद, यंत्रमाग बंद. इचलकरंजी आणि मालेगावच्या कामगाराची मजुरी मागाच्या फेऱ्यांवर ठरते. माग थांबला की चूलही थांबते.

त्या अंधारात समाजाने तीन प्रकारचे मार्ग काढले. त्या तिन्हींकडे आज शांतपणे पाहणे उपयोगाचे आहे.

पहिला मार्ग खेड्यांचा होता. 'अक्षय प्रकाश' या नावाने २००५ पासून राबवलेल्या योजनेत गावांपुढे एक साधा करार ठेवण्यात आला. संध्याकाळच्या वेळी गावाने केवळ दिवे, पंखे आणि दूरदर्शन संच एवढीच उपकरणे चालवावीत. शेतीपंप, पिठाची गिरणी, शेगडी, पाणी तापवण्याचे हीटर बंद ठेवावेत. आकडे काढून टाकावेत. त्या बदल्यात त्या वाहिनीवरील संध्याकाळचे भारनियमन टळावे. एका वाहिनीवर अनेक गावे असतात. त्यांतल्या एका वाडीने जरी नियम मोडला तरी भार वाढायचा आणि सर्वांचा उजेड जायचा. म्हणून ग्रामसभा भरल्या, शेतकऱ्यांना समजावण्यात आले, पंपांचे ऑटोस्विच काढले गेले, कपॅसिटर बसवले गेले. हजारो गावे या योजनेत आली. कोणी नवे वीजकेंद्र उभारले नव्हते, तारा बदलल्या नव्हत्या. बदलली होती ती वागण्याची रीत. पुढे गावठाणाची वाहिनी आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्याचे काम झाले, तेव्हा गावांनी स्वतःहून पाळलेल्या त्या विभागणीला यंत्रणेचीही जोड मिळाली.

दुसरा मार्ग पुण्याचा. २००६ साली तेथील उद्योगांनी पुढाकार घेतला. शहराची तूट त्या वेळी सुमारे ९० मेगावॉट होती. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होतीच. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत, जाळ्यातून घेतलेली वीज शहरासाठी सोडावी आणि या महागड्या विजेचा जादा खर्च अधिक वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलावा, अशी व्यवस्था राज्य विद्युत नियामक आयोगाच्या संमतीने बसवण्यात आली. लहान ग्राहकाला तोशीस लागली नाही आणि शहर भारनियमनातून सुटले. या व्यवस्थेला मर्यादा होत्या. डिझेल जाळून मिळवलेला उजेड स्वस्तही नव्हता आणि स्वच्छही नव्हता. शिवाय ज्या शहरात श्रीमंत उद्योग आहेत तेथेच हे शक्य होते. तरीही ज्याच्याकडे अधिक आहे त्याने अडचणीच्या वेळी सामायिक साठ्यावरचा आपला हात मागे घ्यावा, हे तत्त्व त्यातून व्यवहारात उतरले.

तिसरा मार्ग मध्यमवर्गीय घराचा, म्हणजे इन्व्हर्टरचा. हा मार्ग सर्वांत सोपा होता आणि सर्वांत अधिक विचार करायला लावणाराही. शिशाच्या बॅटरीत वीज साठवताना आणि परत काढताना तिचा चौथा ते तिसरा हिस्सा वाया जातो. शंभर युनिटे भरली तर परत मिळतात सत्तरच्या आसपास. शिवाय वीज आली रे आली की त्या भागातील सगळ्या बॅटऱ्या एकदम भरू लागतात आणि नुकताच सावरलेला पुरवठा पुन्हा ताणला जातो. म्हणजे तुटवड्यावरचा खासगी उपाय सार्वजनिक तुटवडा वाढवीत होता. ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता त्याचा पंखा फिरत राहिला. त्याचा भार मात्र ज्याच्याकडे इन्व्हर्टर नव्हता त्याच्या अंधाराच्या तासांत मिसळला. यात कोणा कुटुंबाला दोष देण्याचे कारण नाही. घरात आजारी वृद्ध असेल, दहावीचे मूल असेल, तर माणूस दुसरे काय करणार? परंतु प्रत्येकाने स्वतःपुरता उजेड साठवल्याने सर्वांचा उजेड वाढत नाही, एवढे त्या वर्षांनी दाखवून दिले. सर्वांनी मिळून थोडे कमी घेतल्याने मात्र तो वाढतो, हे अक्षय प्रकाशच्या गावांनी दाखवले.

घरातला हिशेब

आता घरात येऊ. तेथे कोणत्या गोष्टीला किती वीज लागते, याबद्दल अनेक घरांत चुकीच्या समजुती असतात. दिव्यावरून मुलांना रागावणारे वडील दिवसभर चालू राहिलेल्या गीझरकडे लक्ष देत नाहीत.

दिव्यांच्या बाबतीत देशाने मोठी मजल मारली आहे. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये विजेचा दहावा हिस्साही प्रकाशात उतरत नसे. बाकीची उष्णता होई. २०१५ साली 'उजाला' योजना देशभर सुरू झाली. सरकारी खरेदीत सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला आणि या योजनेतून ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. साठ वॉटच्या बल्बचे काम आता आठ-नऊ वॉटमध्ये होते. परंतु येथेच एक धोकाही आहे. दिवा स्वस्त झाला म्हणून तो रात्रभर जळू लागला, जेथे एक होता तेथे छतात आठ आले, तर यंत्राने वाचवलेले माणसाने उधळले असे होईल.

पंख्यांकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढीच हवा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. घरात चार पंखे रोज दहा तास फिरत असतील, तर साध्या पंख्यांना महिन्याला ९० युनिटे लागतात, नव्यांना ३६. एका कुटुंबात महिन्याला ५४ युनिटांचा हा फरक आहे. सगळे पंखे एकदम बदलण्याची गरज नाही. जो सर्वांत अधिक तास फिरतो तो आधी बदलावा; बहुधा तो स्वयंपाकघराजवळच्या खोलीतला किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला असतो.

पाणी तापवण्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पंधरा लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. चौघांच्या घरात महिन्याला ती ४० युनिटांच्या वर जाते. गीझर ७० अंशांवर ठेवून मग त्यात थंड पाणी मिसळणे म्हणजे आधी पैसे देऊन तापवणे आणि मग थंड करणे. तापमानाचा खटका खाली आणावा, सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि गीझर बंद करावा. गच्चीवर जागा असेल तेथे सौर बंब हाच उत्तम उपाय.

शीतकपाटाच्या दारात दहा रुपयांची नोट अडकवून दार लावावे. नोट सहज ओढली गेली तर दाराची रबरी पट्टी सैल झाली असे समजावे. त्या फटीतून चोवीस तास गारवा आणि पैसा दोन्ही बाहेर जातात. शीतकपाट भिंतीला चिकटवून ठेवू नये, गरम पातेले थेट आत ठेवू नये. नवे उपकरण घेताना ताऱ्यांचे लेबल पाहावे, पण नुसते तारे मोजू नयेत. लेबलावर वर्ष असते आणि वर्षाला किती युनिटे लागतील तो आकडाही असतो. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलावरचे पाच तारे आजच्या पाच ताऱ्यांइतके नसतात.

वातानुकूलन यंत्र असलेल्या घरांनी एक आकडा लक्षात ठेवावा. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. अठरा अंशांवर यंत्र लावून दुलई ओढून झोपणे ही चैनसुद्धा नव्हे, तो निव्वळ अविचार आहे. चोवीस-पंचवीस अंश आणि जोडीला मंद पंखा एवढ्यात सुखाने झोप लागते. जी उपकरणे केवळ दूरनियंत्रकाने बंद केली जातात, ती खऱ्या अर्थाने बंद नसतात. दहा वॉट घेत राहणारा सेट टॉप बॉक्स वर्षभरात सुमारे ८८ युनिटे खातो. भिंतीवरचे बटण बंद करण्यास एक सेकंद लागतो.

येथे बिलाच्या रचनेची एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्यांचा आहे. पहिली १०० युनिटे कमी दराने, पुढची ३०० पर्यंतची अधिक दराने, मग ५०० पर्यंतची आणि त्यावरील त्याहून महाग. त्यामुळे जे युनिट वाचते ते नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातील, म्हणजे सर्वांत महाग असते. बिलाची रक्कम भागिले युनिटे असा सरासरी दर काढणाऱ्याला बचतीची खरी किंमत कळत नाही.

गिरणी, दुकान आणि कारखाना

घराइतकीच संधी कोपऱ्यावरच्या व्यवसायात आहे, आणि तेथे तिच्याकडे अधिक दुर्लक्ष होते. गिरणीवाल्याचेच उदाहरण घ्या. साडेसात अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे साडेपाच किलोवॉट. रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस ती चालली तर दहा हजार युनिटांच्या आसपास वीज लागते. दगडांना वेळेवर टाकी लावली नाही, पट्टा सैल पडून घसरत राहिला, बेअरिंगला वंगण नसले, तर त्यातले पाच टक्के सहज वाया जातात. म्हणजे वर्षाला ५०० युनिटे. ती वाचवण्यासाठी नवे यंत्र लागत नाही, पाना आणि वंगणाचा डबा लागतो.

मोटर जळाली की ती रिवाइंडिंगला द्यायची, पुन्हा जळाली की पुन्हा द्यायची, हा आपल्याकडचा रिवाज आहे. कारागीर कुशल असेल तर ठीक. पण जुनी तार काढताना गाभा अति तापवला, तारेची जाडी कमी घेतली, तर प्रत्येक वेळी मोटरची कार्यक्षमता एक-दोन टक्क्यांनी घसरते आणि ते नुकसान पुढची सगळी वर्षे बिलात येत राहते. मोटरच्या उभ्या आयुष्यात तिच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम विजेवर जाते. म्हणून दोन-तीनदा जळालेली मोटर स्वस्तात दुरुस्त करणे हे बहुधा महागात पडते.

गॅरेज, पंक्चरची दुकाने, छोटे यांत्रिक कारखाने यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर असतो. नळीला पडलेले तीन मिलिमीटरचे एक छिद्र सुमारे तीन किलोवॉट वीज हवेत उडवते. पाणी गळले की दिसते, हवा गळली की फक्त फुसफुस ऐकू येते, तीही यंत्रांच्या गोंगाटात विरते. रविवारी कारखाना शांत असताना कॉम्प्रेसर भरून ठेवावा, साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत. दाब आवश्यकतेपेक्षा एक बार कमी केला तरी सहा-सात टक्के वीज वाचते.

कोल्हापूरच्या ओतशाळांमध्ये एक टन लोखंड वितळवण्यास साधारण ५५० ते ६५० युनिटे लागतात. भट्टीचे झाकण उघडे राहिले, साचे तयार नाहीत म्हणून वितळलेला रस थांबून राहिला, की आकडा वर चढतो. म्हणजे बचत केवळ भट्टीवर होत नाही. साचे करणाऱ्याच्या आणि ओतणाऱ्याच्या वेळा जुळवणाऱ्या नियोजनात होते. कापडाच्या किंवा सराफाच्या दुकानात तर हिशेब दुहेरी असतो. प्रखर दिवे आधी वीज खातात आणि त्यांनी निर्माण केलेली उष्णता बाहेर घालवण्यासाठी वातानुकूलन यंत्र पुन्हा वीज खाते. दुकान बंद झाल्यावर रात्रभर उजळणाऱ्या पाट्या नेमक्या कोणासाठी असतात, याचाही विचार व्हावा.

शेतीपंपाबद्दल थोडेच सांगतो म्हटले तरी एक गोष्ट टाळता येत नाही, ती म्हणजे ऑटोस्विच. वीज परत येताच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्र जळते. मग आठ-दहा दिवस कोणालाच पाणी नाही. प्रत्येकाने स्वतःची सोय पाहिली आणि सर्वांची गैरसोय झाली, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

संध्याकाळ पुन्हा महत्त्वाची

२०१२ नंतर परिस्थिती पालटली. निर्मितीक्षमता वाढली, भारनियमनाचे दिवस बव्हंशी मागे पडले. मग आता ही शिस्त कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सूर्याच्या गतीत आहे. देशाची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी २,५०,००० मेगावॉटपर्यंत पोचली. दिवसा अशी मागणी पेलण्यास आता सौरवीज मोठी मदत करते. पण सूर्य मावळतो आणि नेमकी त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे, शेगड्या सुरू होतात. दुपारी उपलब्धता भरपूर आणि संध्याकाळी ओढाताण, असे नवे चित्र तयार झाले आहे. संध्याकाळची ही दरी कोळसा जाळून, कोयनेचे पाणी सोडून किंवा महागड्या बॅटऱ्यांनी भरून काढावी लागते.

म्हणूनच केंद्र सरकारने २०२३ साली वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसाच्या वेळेनुसार दर आकारण्याची पद्धत, शेतीचा अपवाद वगळता, टप्प्याटप्प्याने सर्व ग्राहकांना लागू व्हावी, सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान वीस टक्के कमी असावा आणि कमाल मागणीच्या तासांत तो अधिक असावा, हे त्यातील सूत्र आहे. अक्षय प्रकाशच्या गावांनी जे ग्रामसभेत ठरवले होते, तेच आता दरपत्रकात येऊ लागले आहे.

येथे प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला काही करता येईल. पाण्याची टाकी भरणारा पाच अश्वशक्तीचा पंप संध्याकाळी सातला न चालवता सकाळी अकराला चालवावा. तळटाकीत पाणी असतेच. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, दळण, मिक्सरवरचे मोठे वाटण ही कामे दिवसा उरकावीत. वीज तेवढीच लागेल, पण ती सूर्याची असेल. महाराष्ट्रात घरगुती वीजग्राहक दोन कोटींहून अधिक आहेत. त्यांतील एक कोटी घरांनी दिवेलागणीच्या वेळी फक्त चाळीस वॉटचा भार कमी केला, तरी ४०० मेगावॉटची मागणी टळते. एखाद्या औष्णिक केंद्राचे दोन संच जवळपास थांबवता यावेत, एवढी ही शक्ती आहे.

'पैसे भरतो, मग वापरू नये का?'

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. बिल भरल्याने वापरलेल्या विजेची किंमत चुकती होते. परळीचे पाणी परत येत नाही आणि चंद्रपूरची हवा शुद्ध होत नाही. आणखी एक आक्षेप असतो. गळती, चोरी, थकबाकी हे प्रश्न सुटत नाहीत, मग सामान्य माणसानेच का सोसायचे? यंत्रणेच्या दोषांबद्दल जाब विचारलाच पाहिजे. पण जो स्वतः हिशेब ठेवतो त्याच्याच जाबाला वजन असते.

मात्र काटकसरीचा उपदेश कोणाला करायचा, याचेही भान हवे. ज्या पाड्यावर एका घरात एक दिवा आणि एक पंखा आहे, तेथे बचतीच्या गोष्टी सांगणे हा उद्धटपणा ठरेल. त्या घराला अधिक वीज मिळाली पाहिजे. मुलाने अभ्यासासाठी लावलेला दिवा, रुग्णाच्या उशाशी फिरणारा पंखा यांवर बोट ठेवू नये. संयम मागायचा तो ज्यांच्या मीटरवर महिन्याला तीनशेहून अधिक युनिटे फिरतात त्यांच्याकडे. या सभागृहातील बहुतेक घरे त्या वर्गातील असतील.

आता काय करावे?

व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर तीन कामे करता येतील. पहिले, गेल्या बारा महिन्यांची वीजबिले एका वहीत उतरवावीत, केवळ रुपये नव्हेत तर युनिटे. दर रविवारी ठरावीक वेळी मीटरचे वाचन करण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्यावे. ज्याची नोंद होते त्याकडे लक्ष जाते. दुसरे, संध्याकाळी सहा ते दहा या चार तासांत घरातील कोणती कामे टाळता येतील, ते कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. एकट्या गृहिणीवर ही जबाबदारी टाकू नये. बटणे सर्वांनीच दाबायची असतात. तिसरे, प्रत्येक वस्तीतील चार-पाच जाणकार, त्यांत एखादा वायरमन आणि एखादा अभियंता असावा, यांनी महिन्यातून एक रविवार आपल्या भागातील एका गिरणीला, गॅरेजला, दुकानाला भेट द्यावी. सैल पट्टा, गळकी नळी, जुनी मोटर दाखवून द्यावी. उपदेश करू नये, आकडा मांडावा. वर्षाला ५०० युनिटे म्हणजे किती रुपये, हे गिरणीवाल्याला कोणापेक्षाही अधिक लवकर कळते. वर्षभरात एका वस्तीत बारा व्यवसाय होतील. बचत झाली की तेच पुढच्या तेराव्याला सांगतील.

अक्षय प्रकाशच्या गावांत सक्ती करणारा कोणी नव्हता. रात्री आठला कोणी गुपचूप पंप लावला तर भार वाढायचा, दिवे जायचे आणि सगळ्या गावाला कळायचे. आज दिवे जात नाहीत. त्यामुळे आपण लावलेल्या पंपाचा भार कोणाच्या अंगावर पडतो, ते कळत नाही. ते न कळताही जो संध्याकाळी सातला पंप लावण्याचे टाळून तो सकाळी अकराला लावतो, त्याने दिवेलागणीचा जुना नियम पाळला. ज्या खोलीत माणूस नाही तेथे दिवा नको, आणि जेथे माणूस आहे तेथे अंधार नको, एवढाच तो नियम आहे.